माळावरचा मोतिया

वास आधी आला, बोलणं नंतर. मी दुकानामागच्या खोलीत सुपारी कातरत बसले होते. मधे पडद्याला बांबूची चिक, चिकेपलीकडे माझे यजमान कय्यूममियां आणि नागपूरचे व्यापारी गुणवंतराव. दिवाळी उलटली की गुणवंतराव दर साली चांद्याला येतात, जटपुरा दरवाज्याजवळच्या आमच्या ह्या दुकानात बसतात, रोशाच्या तेलाचे डबे उघडतात, मान डोलावतात, चहा पितात आणि माल उचलतात. त्यांची डोलणारी मान मी कधी पाहिलेली नाही, पण ती डोलावल्यावर जी शांतता होते ती मला पाठ आहे. त्या दुपारी डब्याचं झाकण निघालं, तेलाचा वास चिकेतून आत आला आणि माझा अडकित्ता थांबला. आधी गुलाब आला, यायला हवा तसा. आणि त्याच्या मागून, दबकत, ओव्याचा आणि रंगाऱ्याच्या तेलाचा उग्र वास आला. मी सुपारी खाली ठेवली. माझ्या बापाचं नाव लिहिलेल्या डब्यातून सोफियाचा वास येत होता.

रोशा हे डोंगरावरचं गवत आहे. फुलावर आलं की कापायचं, भट्टीत शिजवायचं, की त्याचं तेल निघतं. ते साबणात जातं, अत्तरात जातं, कुठकुठल्या मुलखात जातं ते मला ठाऊक नाही. पण ह्या गवताच्या दोन जाती आहेत. मोतिया उघड्या, कोरड्या माळावर वाढतो, विरळ वाढतो, आणि त्याच्या तेलाला गुलाबाची सर असते. सोफिया नाल्याकाठी, ओलीत, झाडाच्या आडोशाला दाट वाढतो. दोघं दिसायला सख्खे भाऊ, उभ्या गवतात भल्याभल्यांना वेगळे ओळखता येत नाहीत. भट्टीला लागले की मात्र दोघांची पितरं उघडी पडतात. मोतियात सोफिया घालणं दुधात पाणी घालण्यापेक्षा वाईट, कारण पाण्याने दूध नुसतं पातळ होतं. माझे अब्बा, रहीमबक्ष भट्टीवाले, हयातभर नाल्याच्या पाण्यावर भट्टी लावून बसले, पण नाल्याकाठची एक काडी त्यांनी कधी भट्टीवरच्या देगेत पडू दिली नाही. आता ती भट्टी माझा धाकटा भाऊ जाफर लावतो.

चिकेपलीकडे गुणवंतराव खाकरले. ‘‘कय्यूमभाई, रागावू नका. पण ह्याच्यात सोफिया हाय.’’

‘‘काय बोलून राह्यले तुम्ही? रहीमबक्षच्या भट्टीचा माल हाय हा. नाव वाचा न डब्यावरचं.’’

‘‘नाव वाचूनच तं इतके वर्स डोळे मिटून नेलं न भाऊ. आज नाक नाई म्हणून राह्यलं.’’

कय्यूममियांचा स्वभाव सोन्याचा, पण नाक तपकिरीने कधीच कामातून गेलेलं. बसतात तेलाच्या दुकानात आणि जळलेली पोळी त्यांना दिसल्याशिवाय कळत नाही. ते डब्यावर वाकले असतील, हुंगले असतील आणि ओशाळून बसले असतील, हे मला न बघताही कळलं. मग गुणवंतरावांचा आवाज खाली आला. ‘‘रहीमबक्षचं खरं नाक तं तुमच्याच घरात हाय. म्हातारा मले नेहमी सांगे. विचारा न भाभीले.’’ दुकानात शांतता झाली. ती मला पाठ असलेली शांतता नव्हती. कय्यूममियांनी चिकेकडे तोंड करून विचारलं, ‘‘काऊन वं? तुले काय वाटते?’’

लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मला कुणी हे विचारलं नव्हतं. दूध नासलं का, डाळ लागली का, एवढ्यावर माझं नाक संसार करत होतं. आणि आज विचारलं ते हे. मला लाज वाटत नाही सांगायला, त्या क्षणी छाती आधी भरून आली. मी लहानपणच्या त्या नाल्यावरच्या पोरीसारखी ताठ बसले. भट्टीच्या तोंडाशी अब्बा मला उकिडवी बसवायचे. लोखंडाची मोठी देग, तिच्यातून निघालेला बांबूचा लांब चोंगा, चोंग्याच्या टोकाला वाहत्या पाण्यात बसवलेलं तांब्याचं भांडं. पाण्यावर तेलाचा पहिला तवंग आला की अब्बा त्यात बोट बुडवायचे, ते बोट माझ्या नाकाखाली धरायचे आणि म्हणायचे, ‘‘साबी, बोल.’’ एवढंच. गडी कामं सोडून माझ्या तोंडाकडे बघत. एकदा मी नाक मुरडलं आणि अब्बांनी अख्खा घाणा नाल्यात ओतला. गडी हळहळले, कुणीतरी म्हणालं, लेकराचं काय ऐकता मालक. अब्बा म्हणाले, ‘‘पोरीनं सांगितलं न, झालं.’’ मग मी मोठी झाले, माझं डोंगरावर जाणं बंद झालं, भट्टी जाफरला गेली. मी भट्टीवाल्याची नुसती मुलगी राहिले. आणि आता चिकेपलीकडे दोन माणसं थांबली होती, आणि मी खरं बोलले तर माझा भाऊ चोर ठरत होता. खोटं बोलण्याचा विचार मनात आला नाही असं नाही. पण अब्बांचं बोट नाकाखाली होतं.

‘‘आहे,’’ मी म्हणाले. ‘‘सोफियाच आहे.’’

गुणवंतरावांनी झाकण लावलं. भला माणूस. म्हणाले, ‘‘मी सिरोंच्याकडे जाऊन राह्यलो, लाखेचा सौदा हाय. परत येताना उतरतो. तवरक तुमचं तुम्ही पाहून घ्या.’’ ते गेल्यावर कय्यूममियां आत आले आणि बाजेवर बसले. म्हणाले, देग मोडीत काढू, जाफरला बल्लारपूरच्या कागदाच्या कारखान्यात चिकटवू. सासऱ्याच्या नावानं लबाडी माझ्या दुकानात चालायची नाही. मी अडकित्ता पुन्हा हातात घेतला. संध्याकाळी जाफर आला. त्याला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. जोडे काढायचं भान नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. आम्ही भावंडं घरात हिंदीमराठीचा काला बोलतो, आणि संतापला की जाफरचं सगळंच डोंगरातलं होतं. ‘‘आपा, तू बोलली? तू?’’

‘‘मी बोलले.’’

‘‘अब्बाची कसम घेतो. नाल्याकडली एक काडी नाई कापली मी. पुरं माळावरचंच हाय. उभा राहून कापलं, गड्यांवर नाई सोडलं. अन् तू मले चोर केली.’’

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कडेवर घेऊन वाढवलेलं पोर. ते खोटं बोललं की उजव्या हाताने कान खाजवतं. आज त्याचे दोन्ही हात खाली होते. म्हणजे भाऊ खरा. आणि माझं नाकही खरं. ह्या दोन्हींवर माझा सारखाच भरवसा होता, आणि दोन्ही एकाच घरात मावत नव्हती. रात्री पोळ्या करताना, सकाळी सडा घालताना, मी तेच घोळत राहिले. माळावरून कापलं आणि सोफिया निघाला. मग माळाला काय झालं? दुसऱ्या दिवशी मी कय्यूममियांना सांगितलं, मी जाफरबरोबर डोंगरावर जाते. ‘‘लोक काय म्हणतील?’’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘‘म्हणतील, रहीमबक्षची पोरगी आली.’’ त्यांनी तपकिरीची चिमूट काढली, परत डबीत टाकली आणि बैलबंडीवाल्याला निरोप धाडला.

वर्धा नदी डोंग्याने ओलांडली, बंडीत बसलो. पूर्वी नदीपलीकडे निजामाचं राज्य होतं, आता नाही. पण चाकाला तेच खड्डे लागले. माणिकगडच्या बाजूचा तो डोंगर दिसला तेव्हा मी बुरखा मागे टाकला. जाफर पुढल्या वाटेकडे बघत राहिला. डोंगराचा माथा सपाट आहे, आम्ही त्याला माळ म्हणायचो. माझ्या आठवणीतल्या माळावर वारा अडवायला काही नव्हतं. मोहाची चार झाडं, आंब्याची काही, आणि त्या आंब्यांत मारकागुडा, गोंडांची दहाबारा घरं. बाकी सगळं गवत आणि मधे मधे गोंडांची वावरं. त्यांची वावरं एका जागी राहत नसत. मुखरू नावाचा माणूस होता. तो झाडांच्या फांद्या छाटायचा, वावरात पसरून वाळवायचा, उन्हाळ्यात जाळायचा आणि राखेत कोसरीचं बारीक धान्य पेरायचा, पुढल्या साली तेलाची जगनी. जमीन थकली की ती सोडून माळावरच दुसरीकडे जायचा. सोडलेल्या वावरात गुरं चरायची, होळीच्या सुमारास वणवा फिरायचा, आणि मग तिथे रोशा यायचा. अब्बा विळे घेऊन त्याच्या मागोमाग. ते म्हणायचे, ‘‘गोंड पुढं, रोशा मागं, अन् भट्टी त्याच्याही मागं.’’ मला ती लहानपणी नुसती चालणाऱ्यांची रांग वाटायची. मुखरूची बायको सोमारी मला जगनीची चटणी आणि भाकर द्यायची, आणि मी तिच्या पाठुंगळी बसून त्या रांगेत सगळ्यात पुढे असायचे.

चढून वर आलो तेव्हा मला वाटलं आपण वाट चुकलो. माळ दिसेना. सागाची कोवळी झाडं ओळीने उभी होती, माणसाच्या वर गेलेली, त्यांची सुपाएवढी पानं एकमेकांना लागलेली. ओळींच्या मधे पळस, ऐन, काटेरी झुडपं आपली आपण आलेली. पायाखाली ओल होती. माळावर, दिवाळीनंतर, ओल! वणव्यापासून राखायचं म्हणून जंगल खात्यानं डोंगर बंद केला, गवत कापायची तेवढी मुभा ठेवली, मारकागुडा खाली सडकेजवळ नेऊन वसवला, हे मला माहीत होतं. चांद्यात बसून ऐकलं होतं, पापड लाटता लाटता. ऐकताना त्याचा माझ्या भावाच्या इमानाशी काही संबंध असेल असं कुणाला वाटावं? गावाचा मागमूस नव्हता. जिथे गुरांचा आखर होता, गाव जागं झालं की जिथे गुरं गोळा व्हायची, तिथे मात्र तरोटा माजला होता. आखराच्या हद्दीपर्यंत तरोटा, हद्द संपली की नाही. गुरं जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचं शेण जमिनीला आठवत होतं. मी तिथे उभी राहिले आणि मला आतून काहीतरी उलगडू लागलं.

‘‘इथून कापलं?’’ मी विचारलं.

‘‘इथूनच तं. हा माळच हाय न, आपा.’’

मी डोळे मिटले. जाफरला म्हटलं, मला हाताला धरून चालव आणि थोड्या थोड्या अंतरावर पात चुरून हातात दे. तो लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना जसा मला धोंड्यांवर न्यायचा तसा नेणार नाही अशी आशा होती. पात चुरली, हुंगली. सोफिया. पुढे गेलो. सोफिया. सागाच्या आत, झुडपांच्या कडेला, जिथे जिथे ऊन अडलं होतं आणि पाणी रेंगाळलं होतं तिथे नाल्याकाठचा तो भाऊ दर साली पायरी पायरीने वर चढून आला होता आणि यंदा माळाचा मालक झाला होता. मधूनच एखादी मोतियाची पात निघायची, क्षीण, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजासारखी. जाफर खरं बोलत होता. त्याने माळावरूनच कापलं होतं. माळच माळ राहिला नव्हता. मी डोळे न उघडताच त्याचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, ‘‘तू चोर नाहीस रे.’’ तो म्हणाला, ‘‘ते मले माहीत हाय. गुणवंतरावले कोण सांगन?’’ बरोबर होतं त्याचं. खरा मोतिया नाकाखाली धरल्याशिवाय ‘डोंगर बदलला’ हे बोलणं व्यापाऱ्याला बहाणाच वाटणार.

आणि तेव्हाच वारा आला. डोंगराच्या पूर्वेच्या सोंडेकडून आला, कोरडा, आणि त्याच्यात मोतिया होता. नुसता मोतिया. मी जाफरचा हात सोडून चालू लागले. त्याला वाटलं मी पडणार. पण माझे पाय त्या सोंडेवर कधी चुकले नसते. झुडपं संपली आणि एकदम ऊन लागलं. समोर मोकळी जमीन होती, एका चिमुकल्या वावराएवढी, तिच्यात गुडघाभर मोतिया विरळ विरळ उभा, तुरे तांबूस झालेले. मधे उभे दगड. गोंडांच्या मेलेल्या माणसांचे दगड, एकेका माणसाचा एकेक. एका झुडपाला चार शेळ्या बांधलेल्या, आणि दगडाला टेकून एक म्हातारी बसलेली. तिने डोळ्यांवर हात धरला.

‘‘कोण हाय वं?’’

‘‘मी साबी. रहीमबक्षची.’’

‘‘हाय! रहीमबक्षची साबी?’’ सोमारी हसली तेव्हा मला ती ओळखू आली. ‘‘किती मोठी झाली वं बाई! अन् आतापरेंत कुठी होती?’’

मी तिच्याजवळ खाली बसले. ती खालच्या गावातून चढून येते, शेळ्या इथे बांधते, दगडांभोवती मूठभर जगनी टाकते आणि होळीच्या आधी इथलं गवत जाळते. मी विचारलं, ‘‘जाळू देतात?’’

‘‘जाळतो तं. मुखरू इथी उभा हाय न,’’ तिने पाठीमागच्या दगडावर थाप मारली. ‘‘त्याच्या पायाशी कचरा कसा राहू देऊ? जंगलचा नाकेदार येते, पाह्यते, दगडाले हात जोडते अन् जाते. त्याले बी मरा लागन न एक दिवस.’’

तेव्हा मला अब्बांची ती रांग समजली. मी इतकी वर्षं समजत होते की मोतिया डोंगराचा, आणि तो ओळखणारं नाक आमचं. मधे कुणी नाहीच. गोंडांनी छाटलं, जाळलं, पेरलं, सोडलं, गुरं चारली, म्हणून उघडी जमीन राहिली, म्हणून मोतिया. ती माणसं उतरली आणि सोफिया चढला. जिथे एकटी सोमारी नवऱ्याच्या पायाशी झाडलोट करत राहिली तिथे मोतिया राहिला. मला माझ्या नाकाचा गर्व होता. आहे, अजून आहे. पण त्या उन्हात बसून मला मुखरूच्या कुऱ्हाडीचा गर्व वाटला, सोमारीच्या काडीपेटीचा वाटला, आणि तिच्या पाठुंगळी बसलेल्या त्या पोरीचाही वाटला. मी तिला सगळं सांगितलं, डब्याचं, जाफरचं, व्यापाऱ्याचं. मग विचारलं, ‘‘सोमारीबाई, हे गवत कापू?’’

‘‘मले काऊन विचारते? त्याले विचार.’’ मी दगडाकडे पाहिलं. सोमारीने दगडाकडे कान केला. ‘‘काप म्हणते. पण ह्या वावरातलं तेल म्हणजे नवं हाय. नवं पहिले त्याचं.’’

मी हो म्हटलं. गोंडांत ही रीत आहे, नवं धान्य आधी मेलेल्यांना दाखवल्याशिवाय जिवंतांनी तोंडाला लावायचं नाही. मला वाटलं, एक थेंब लावेल दगडाला. जाफरने गड्यांना बोलावलं, जपून कापलं, दगडांना विळा लागू दिला नाही. नाल्यावर भट्टी पेटली. धूर, तांब्याच्या भांड्यावर आपटणारं पाणी, चोंग्याच्या सांध्यातून निसटणारी वाफ, सगळं जिथल्या तिथे होतं. मी उकिडवी बसले, गुडघे दुखले. पाण्यावर तवंग आला. जाफरने त्यात बोट बुडवलं आणि माझ्या नाकाखाली धरलं.

‘‘आपा, बोल.’’

मी मान डोलावली. माझा भाऊ तिथे नाल्यात बसून लहान मुलासारखा रडला, आणि गडी कामं सोडून आमच्याकडे बघत राहिले. एवढ्याशा विरळ गवताचं तेल ते किती निघणार? एक शिशी भरली.

शिशी घेऊन सोंडेवर गेलो. सोमारीने बूच काढलं, नाकाशी नेलं, आणि तिचा चेहरा बदलला. तिने हे तेल कधी हुंगलंच नव्हतं. तिच्या वावरांतून भारे उतरायचे, डबे चांद्याला जायचे. डोंगरावर मागे काय राहायचं? धूर. ‘‘हे आमच्या वावराचं?’’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘‘तुमच्याच.’’ ती हसली, उठली, मुखरूच्या दगडासमोर गेली आणि गोंडीत काहीतरी पुटपुटत तिने शिशी उपडी केली. जाफर ओरडून पुढे झाला. मी त्याचा दंड धरला. तेल दगडावरून ओघळलं, खालच्या मातीत गेलं. थेंब थेंब सगळं. आमचा पुरावा, आमचं नाव, भट्टी, सगळं त्या शिशीत होतं, आणि मी दोन पावलं टाकली असती तर अर्धी शिशी वाचली असती. मी ती टाकली नाहीत. ‘पहिले त्याचं’ म्हणाली होती, आणि मी हो म्हटलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतका त्या तेलाचा धनी दुसरा कोण होता? अख्ख्या माळावर तो वास पसरला. सोमारीने रिकामी शिशी माझ्या हातात दिली. ‘‘घे. आता बाकीचं तुमचं.’’ बाकीचं नव्हतं. ते पुढल्या साली.

गुणवंतराव सिरोंच्याहून परतले तेव्हा मी चिकेमागे बसले नाही. चिक वर केली, बाहेर आले, आणि गादीच्या कडेला जाफरशेजारी उभी राहिले. कय्यूममियांनी माझ्याकडे पाहिलं आणि बसायला जागा करून दिली. मी माळाचं सगळं सांगितलं, गाव खाली उतरल्याचं, सागाच्या ओळींचं, सोफिया वर चढल्याचं, दगडांभोवतीच्या मोकळ्या जमिनीचं. गुणवंतराव ऐकत होते, पण व्यापाऱ्याचे डोळे मालाकडे लागतात. मी शिशी पुढे ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली. कय्यूममियांनी कपाळाला हात लावला.

‘‘शिशी तं रिकामी हाय, भाभी.’’

‘‘उघडा तर खरं.’’

त्यांनी बूच काढलं. दुकानभर, तेलाच्या डब्यांवरून, तपकिरीच्या डबीवरून, मोतिया पसरला. गुणवंतरावांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. ती मान मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. मग तीच माझी ओळखीची शांतता झाली. त्यांनी जाफरच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘पोरा, तुनं लबाडी नाई केली. मी चुकलो. हा डबा सोफिया म्हणून नेतो, म्हाताऱ्याचं नाव पुसून. नाव ह्या शिशीतल्यासाठी ठेवा.’’ आणि त्यांनी शिशी पुन्हा नाकाशी नेली, कितीतरी वेळ धरून ठेवली. ‘‘रिकाम्या शिशीवर सौदा करणारं घर मी आजच पाह्यलं.’’

‘‘रिकामी नाही ती,’’ मी म्हणाले. ‘‘बूच लावा, गुणवंतराव. उडून जाईल.’’